आफ्रिकेतील भूक आणि ‘फुकटच्या पैशा’चा आक्षेप

आफ्रिकेतील गरीब कुटुंबांना सरकारने नियमितपणे रोख रक्कम किंवा धान्य देण्याविषयीचा एक मजकूर समाजमाध्यमांवर या ना त्या रूपात सतत फिरत असतो. त्याचा आशय असा की, हा पैसा दारूत जातो, माणसे काम सोडतात, हप्त्याच्या आशेने जास्त मुले जन्माला घालतात, बाजारात भाव भडकतात आणि एवढी दशके मदत ओतूनही तिथली उपासमार हटलेली नाही. यातला शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करणे योग्य ठरेल.

‘मदत देऊनही भूक जात नाही’ असे म्हणताना कोणती मदत, हे विचारले जात नाही. इथिओपियात २००२-०३ च्या दुष्काळात एक कोटीहून अधिक लोकांना आपत्कालीन मदतीची गरज पडली. तोपर्यंतची रीत अशी होती की पाऊस हुकला की सरकार आवाहन करी, देणगीदार देश आश्वासने देत आणि धान्य गावात पोहोचेपर्यंत कित्येक महिने उलटलेले असत. खरे नुकसान होते ते या मधल्या महिन्यांत. पाऊस गेला की सगळेच जण जनावरे बाजारात आणतात, त्यामुळे जनावरांचे भाव कोसळतात आणि नेमके त्याच वेळी धान्याचे भाव चढतात. बैल विकलेल्या शेतकऱ्याला पुढच्या वर्षी चांगला पाऊस होऊनही वेळेवर नांगरट करता येत नाही. त्याला दुसऱ्याच्या बैलांची वाट पाहावी लागते, नाहीतर जमीन बटईने द्यावी लागते. एका वर्षाचा दुष्काळ अशा रीतीने त्या घरात पुढची चार-पाच वर्षे मुक्काम ठोकतो. उशिरा आलेल्या धान्याने जीव वाचतो, पण बैल परत येत नाहीत.

हे ओळखूनच इथिओपियाने २००५ मध्ये ‘प्रॉडक्टिव्ह सेफ्टी नेट प्रोग्रॅम’ सुरू केला. ज्या तालुक्यांत दरवर्षी तुटवडा पडतो हे आधीच माहीत आहे, तिथल्या कुटुंबांना आवाहनाची वाट न पाहता ठरलेल्या महिन्यांत रोख किंवा धान्य द्यायचे, ही त्यामागची कल्पना होती. काही वर्षांतच लाभार्थ्यांची संख्या ७० लाखांच्या पुढे गेली. आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार, ज्या कुटुंबांना पाच वर्षे रक्कम मिळत राहिली त्यांच्या वर्षातील टंचाईचा काळ एका महिन्याहून अधिक कमी झाला. निपेनबर्ग आणि हॉडिनॉट या संशोधकांनी पुढे दाखवून दिले की दुष्काळाचा अन्नसुरक्षेवर होणारा सुरुवातीचा आघात या कार्यक्रमामुळे ५७ टक्क्यांनी घटतो आणि दोन वर्षांत दुष्काळाचा परिणाम पुसला जातो. २०११ च्या दुष्काळात शेजारच्या सोमालियात दुर्भिक्ष जाहीर झाले आणि सुमारे अडीच लाख माणसे मेली. इथिओपियात तसे घडले नाही. याचे सारे श्रेय एका कार्यक्रमाला देणे चुकीचे ठरेल, कारण सोमालियात यादवी होती आणि मदतीच्या वाटा बंद होत्या. नोव्हेंबर २०२० मध्ये तिग्रायमध्ये युद्ध पेटले तेव्हा इथिओपियातली हीच व्यवस्था त्या प्रांतात कोलमडली. पण युद्धामुळे आलेल्या उपासमारीचा दोष रोख मदतीवर टाकणे हा अन्याय आहे.

‘माणसे काम सोडतात’ हा आक्षेप इथिओपियाच्या बाबतीत तर तपशिलातच चुकतो. तिथे धडधाकट माणसांना मदतीच्या बदल्यात काम करावे लागते, ते साधारणपणे दरडोई महिन्याला पाच दिवस. वृद्ध, अपंग आणि आजारी माणसांना तेवढी कामाविना मदत मिळते. कामे म्हणजे डोंगरउतारावर दगडी बांध घालणे, पाणी मुरवण्यासाठी चर खणणे, उजाड टेकड्यांवर चराईबंदी करून झाडे लावणे आणि गावरस्ते बांधणे. १९७२ चा दुष्काळ आणि त्यानंतरची रोजगार हमी योजना आठवणाऱ्या मराठी वाचकाला ही यादी ओळखीची वाटेल. ही कामे बहुतांशी मुख्य पावसाळ्याच्या आधी, शेतीची घाई नसताना काढली जातात.

जिथे कामाची अट नाही, तिथेही आळसाचा पुरावा सापडत नाही. झांबियाने २०१० मध्ये कालाबो, कापुटा आणि शांगोम्बो या दूरच्या जिल्ह्यांत लहान मुले असलेल्या घरांना महिन्याला सुमारे १२ डॉलर एवढी रक्कम द्यायला सुरुवात केली. कोणाला आधी आणि कोणाला नंतर हे चिठ्ठ्या टाकून ठरवले गेले, त्यामुळे दोन्ही गटांची सरळ तुलना करता आली. बायकांचे दुसऱ्याच्या शेतावरचे मजुरीचे दिवस कमी झाले, हे खरे आहे. मात्र ते दिवस त्यांनी स्वतःच्या शेताला दिले. कसली जाणारी जमीन वाढली, बियाणे आणि खतांवरचा खर्च वाढला, कोंबड्या-बकऱ्या पाळणारी घरे वाढली. पोटासाठी ऐन पेरणीत दुसऱ्याच्या रानात राबावे लागणे ही उद्योगी वृत्तीची खूण मानायची असेल, तरच या बदलाला आळस म्हणता येईल.

जास्त मुलांच्या आक्षेपाचे उत्तरही झांबियातच आहे. तिथली रक्कम घरात मुले किती यावर अवलंबून नव्हती आणि जननदरात वाढ आढळली नाही.

दारूबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोवा यांनी आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील १९ अभ्यास एकत्र तपासले. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे त्यांना दिसले नाही, उलट कित्येक ठिकाणी तो घटला होता.

भाववाढीच्या मुद्द्यात मात्र तथ्याचा अंश आहे आणि तो मान्य केला पाहिजे. केनियाच्या सियाया परगण्यात ६५३ गावांमध्ये झालेल्या प्रयोगात दहा हजारांहून अधिक घरांना प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर दिले गेले, तरी भाव जेमतेम ०.१ टक्का वाढले आणि दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे स्थानिक उलाढाल सुमारे अडीच डॉलरने वाढली. पण सियायात बाजार नांदते आहेत. जिथे व्यापारी पोहोचत नाही, तिथे हाच निकाल लागेल असे गृहीत धरता येत नाही. इथिओपियात २००८ मध्ये धान्याचे भाव भडकले तेव्हा रोख रकमेत पूर्वीइतके धान्य येईना आणि लोक पैशांऐवजी धान्य मागू लागले. यावरून निघतो तो निष्कर्ष रक्कम महागाईशी जोडण्याचा आणि गरज पडेल तिथे धान्य देण्याचा, मदत बंद करण्याचा नव्हे.

‘हे सारे परक्यांच्या पैशावर चालते’ अशी पुरवणीही अनेकदा जोडली जाते. इथिओपियाचा कार्यक्रम दीर्घकाळ मुख्यतः परदेशी निधीवर चालला, हे खरे. मात्र दक्षिण आफ्रिकेचे बाल-अनुदान १९९८ पासून तिथल्या करदात्यांच्या पैशातून दिले जाते. सुरुवातीला ते सात वर्षांखालील मुलांसाठी महिन्याला १०० रँड होते. आता वयोमर्यादा १८ वर्षांपर्यंत वाढली असून सव्वा कोटीहून अधिक मुलांच्या नावे ते दरमहा जमा होते.