मोन्झाचं ते काँक्रीटचं वळण १९२२ चं नाही

झाडीतून भिंतीसारखं उभं चढत गेलेलं काँक्रीटचं वळण, सांध्यांत गवत, आणि खाली ओळ: "इटलीतल्या मोन्झाचा १९२२ चा मूळ ट्रॅक, इथेच झाली पहिली इटालियन ग्रांप्री." हा फोटो सध्या फिरतोय. (ग्रांप्री म्हणजे मोटारींची मोठी शर्यत.) जागा बरोबर आहे, पण दोन्ही दावे चुकीचे आहेत.

पहिली इटालियन ग्रांप्री १९२१ साली ब्रेशियाजवळच्या मोंतिकियारीला झाली. मोन्झाचा ट्रॅक तेव्हा नव्हताच.

फोटोतलं वळण १९५५ चं आहे. १९२२ च्या ट्रॅकलाही अशी बाहेरच्या बाजूला उंच होत गेलेली वळणं होती, पण बरीच बुटकी, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ती पाडून टाकली गेली.

खरी गोष्ट याहून रंगतदार आहे. १८०५ साली, नेपोलियनच्या काळात उभ्या राहिलेल्या मोन्झाच्या राजेशाही उद्यानात मिलानच्या ऑटोमोबाइल क्लबने ट्रॅक आखला. फेब्रुवारी १९२२ मध्ये पायाभरणी झाली आणि लगेच काम थांबलं, कारण झाडं आणि उद्यानाचं रूप जाईल म्हणून विरोध झाला. शंभर वर्षांपूर्वी लोक बागेसाठी उभे राहिले, हे मला फार मोलाचं वाटतं. एप्रिलअखेर परवानगी मिळाली. मग साडेतीन हजार कामगार, मालासाठी खास टाकलेली छोटी रेल्वे, आणि ११० दिवसांत दहा किलोमीटरचा ट्रॅक तयार! १० सप्टेंबरला तिथल्या पहिल्या ग्रांप्रीत फियाटचा पिएत्रो बोर्दिनो जिंकला.

फोटो जरूर पाठवा, फक्त साल १९५५ करा आणि "मूळ ट्रॅक" व "पहिली ग्रांप्री" हे शब्द काढून टाका.