‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: हनोईचं सोनेरी हॉटेल

हनोईतल्या ‘डोल्चे बाय विंडहॅम हनोई गोल्डन लेक’ या हॉटेलातल्या मुक्कामावर मी लिहिलेल्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. उत्तर लांबलं, म्हणून ते वेगळंच टाकते आहे. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी ती आधी देते:

“ताई, लेख वाचून करमणूक झाली. सोन्याच्या टबात बसून व्हिएतनाम दिसत नसतो. हे नवश्रीमंतांचं ओंगळ प्रदर्शन आहे आणि व्हिएतनामच्या संस्कृतीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. एक टन सोन्याची थाप तुम्ही बिनदिक्कत पुढे सरकवलीत. तिथे साफसफाई करणाऱ्या बाईला महिन्याला किती मिळतात, हे विचारलंत का? युद्धाने पोळलेल्या देशात असलं कौतुक शोभत नाही. त्यापेक्षा जुन्या वस्तीतल्या एखाद्या घरात उतरला असतात, तर लिहिण्यासारखं काही मिळालं असतं. नाश्त्यावर एक ओळ नाही, तळ्याचा एक फोटो नाही. प्रायोजित लेख आहे का?”

आधी ‘ताई’बद्दल. मला ताई म्हणणारे खूप वाचक आहेत आणि मला ते आवडतं. पण पहिल्या शब्दात ताई म्हणायचं आणि पुढच्या चार शब्दांत तिची करमणूक करून टाकायची, याला आमच्याकडे आपुलकी म्हणत नाहीत. तुम्हांला लेख पटला नाही, ठीक आहे. “मला हे हॉटेल भडक वाटलं” एवढं लिहिलं असतंत तर मी दोन ओळींत उत्तर दिलं असतं आणि विषय मिटला असता. तुम्ही सुरुवातच अशी केलीत की समोरच्या बाईला काही कळत नाही, हे गृहीत धरूनच पुढचं वाचायचं.

एक गोष्ट मान्य करते. तळ्याचा फोटो हवा होता. हॉटेल झांग व्हो तळ्याच्या काठावर आहे, नावातच तळं आहे, आणि माझे सगळे फोटो आतले आहेत. तुमचं हे म्हणणं रास्त आहे आणि त्याबद्दल आभार.

आता ते वाक्य. ओंगळ, नवश्रीमंत, संस्कृतीशी काडीचाही संबंध नाही.

मी हुपरीची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातलं हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी ओळखलं जातं: पैंजण, जोडवी, करदोडे, घुंगरं. आमच्या आप्पांचं मुलाम्याचं काम होतं. घराच्या मागच्या बाजूला पत्र्याची शेड, तिच्यात टाक्या, मुलाम्याला लागणारा करंट देणारा रेक्टिफायर, बफिंगची (चकाकी आणण्याची) मोटर. सायनाइडच्या टाकीजवळ आम्हा पोरांना फिरकू देत नसत. दारातूनच बघायचं. वस्तू आधी घासायची, मग बफिंग, मग तेलाचा अंशही राहणार नाही अशी धुवायची, मग निकेल, आणि शेवटी सोनं. आप्पा सांगायचे की मुलाम्याची लबाडी कडेला आणि खोबणीत उघडी पडते. करंट जास्त झाला की कडा करपतात. खोबणीत सोनं पोचतच नाही, तिथे थर पातळ राहतो आणि पहिल्यांदा तिथूनच खालचा धातू डोकावतो.

हनोईच्या त्या खोलीत शिरल्यावर मी काय केलं ते मूळ लेखात लिहिलं नव्हतं, आता लिहिते. पिशवी ठेवली आणि नळाच्या तोटीखाली बोट घातलं. मग टबाच्या वरच्या कडेच्या आतल्या वळणावर मोबाइलचा दिवा धरून पाहिलं. बेसिनच्या जाळीच्या भोकांच्या कडा पाहिल्या. आरशाच्या चौकटीतली नक्षी, जिथे कापडही नीट जात नाही, तिथे पाहिलं. काम चोख होतं. जिथे रोज हात लागतो तिथेही रंग उतरलेला नव्हता. हे मी हॉटेलची पत्रकं वाचून सांगत नाही. लहानपणापासून ज्या शेडच्या दारात उभी राहून बघत आले, त्या अनुभवाने सांगते. तुम्ही फोटो पाहून ‘ओंगळ’ लिहिलंत.

आणि हे काम परदेशातून आलेलं नाही. हॉटेल बांधणाऱ्या होआ बिन्ह ग्रुपचा मुलाम्याचा स्वतःचा कारखाना आहे आणि म्हणूनच एवढं सोनेरी सामान तुलनेनं स्वस्तात झालं, असं त्यांच्या अध्यक्षांनी जुलै २०२०मध्ये हॉटेल उघडताना पत्रकारांना सांगितलं होतं. हे गृहस्थ बिअर आणि माल्टच्या धंद्यातून वर आले, लोक त्यांना त्याच नावाने ओळखतात. तेव्हा नवश्रीमंत हे तुमचं म्हणणं खरं आहे. त्यात गुन्हा काय आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आता संस्कृती. हनोईच्याच हद्दीत, लाल नदीच्या पलीकडे झा लाम भागात किएउ की नावाचं गाव आहे. तिथे पिढ्यान् पिढ्या सोन्याचा वर्ख ठोकतात. काजळी आणि सरसाचा लेप दिलेल्या कागदांच्या थप्पीत सोन्याचे बारीक तुकडे ठेवायचे आणि हातोड्याने ठोकत राहायचं. ठोकलेला वर्ख कापून कागदावर घेतात त्या खोलीत पंखा लावत नाहीत, कारण झुळूक आली तरी वर्ख उडून जातो. एका ‘ची’ सोन्यातून, म्हणजे ३.७५ ग्रॅममधून, ९८० पानं निघतात आणि ती एक चौरस मीटरहून थोडी जास्त जागा झाकतात. सोन्याची घनता १९.३ धरून हिशेब करा: जाडी एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा, पाचवा हिस्सासुद्धा भरत नाही. एक मायक्रॉनचा मुलामा द्यायचा तर त्याच चौरस मीटरला १९.३ ग्रॅम, जवळजवळ दोन तोळे सोनं लागतं. हा हिशेब मी आप्पांना फोनवर सांगितला तेव्हा ते बराच वेळ ‘काय हात असतील’ एवढंच म्हणत होते.

हा वर्ख कुठे लागतो? देवळांतल्या मूर्तींना, पूर्वजांच्या देव्हाऱ्यांना, लाल लाखेवर. लाल लाख आणि त्यावर सोनं हा तिथल्या देवळाचा आणि राजवाड्याचा रंग आहे. हनोईच्या जुन्या वस्तीत, जिथे मी उतरायला हवं होतं असं तुमचं म्हणणं आहे, तिथली हांग बाक ही गल्ली सराफांची आणि चांदीकामाची. पंधराव्या शतकापासून चौ खे गावचे कारागीर तिथे चांदीच्या लगडी ओतायला येऊन बसले. ४२ क्रमांकाला किम न्गान नावाचं त्या कारागिरांचं सामायिक मंदिर आजही उभं आहे. मी ते पाहिलंय. चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्यात दशमीला धनदेवतेचा दिवस असतो आणि त्या दिवशी गुंजभर का होईना, सोनं घ्यायला सराफी दुकानांसमोर पहाटेपासून रांगा लागतात. १९८६ साली तिथली महागाई ७०० टक्क्यांच्या वर गेली होती. नोटांवर कुणाचा विश्वास उरला नव्हता आणि घरांचे भाव लोक सोन्यात बोलत, साडेसदतीस ग्रॅमच्या वजनात. ज्या लोकांनी आपल्या घराची किंमत सोन्यात मोजली, त्यांच्या राजधानीत सोन्याचा संबंध नाही, हे तुम्ही कशाच्या आधारावर म्हणता?

तुम्ही म्हणाल, देवळाचं सोनं वेगळं आणि न्हाणीघरातलं वेगळं. मग हुए या जुन्या राजधानीला जा. खाय दिन्ह या बादशहाची कबर १९२०मध्ये बांधायला घेतली, ती १९३१मध्ये पुरी झाली, तोपर्यंत तो स्वतः गेला होता. लोखंड आणि सिमेंट फ्रान्समधून आलं, चिनी मातीची भांडी चीन आणि जपानमधून. ती भांडी आणि काचेच्या बाटल्या फोडून त्यांच्या तुकड्यांनी आतल्या भिंती वरपासून खालपर्यंत मढवल्या आहेत. मधोमध बादशहाचा सोनेरी मुलाम्याचा ब्राँझचा पुतळा. त्याच्या हयातीतच त्याला उधळ्या म्हणून शिव्या पडल्या, आणि त्या शिव्यांना कारण होतं, कारण खर्चासाठी त्याने रयतेवर जादा कर बसवला होता. आज ती कबर युनेस्कोने १९९३मध्ये जागतिक वारसा ठरवलेल्या हुएच्या स्मारकसमूहात आहे आणि तुमच्यासारखेच लोक तिकीट काढून आत जातात, ‘काय कारागिरी’ म्हणून मान डोलावतात. झांग व्होच्या हॉटेलासाठी कुणावर कर बसला नव्हता. एका खासगी कंपनीनं अकरा वर्षं खपून २५ मजले उभे केले, बाहेरून सुमारे ५,००० चौरस मीटर सोनेरी फरशी लावली आणि गच्चीवर पोहण्याचा तलाव बांधला. पण ते आत्ताचं आहे, म्हणून ओंगळ.

हा न्याय मला नवा नाही. मी पुण्यात शिकायला आले तेव्हा एका मैत्रिणीच्या घरी तिच्या आईनं माझ्या हातातल्या मुलाम्याच्या बांगड्या पाहून विचारलं होतं, “तुमच्याकडे असंच सगळं झगमगीत लागतं का गं?” त्या बांगड्यांवर आप्पांनी आपल्या हाताने सोनं चढवलं होतं. त्याच काकूंच्या दिवाणखान्यात पितळी समया, नक्षीचा झोपाळा आणि काचेची हंडी होती. ती अभिरुची, आणि आमचा झगमगाट. कुणाचं सोनं सुसंस्कृत आणि कुणाचं भडक, हे ठरवण्याचा मक्ता कायम काही घरांकडेच असतो. सोनं चढवणारे हात त्या घरांतले कधीच नसतात. तुमच्या प्रतिक्रियेत मला तोच आवाज ऐकू आला. तुमचा तसा हेतू नसेलही. पण ‘करमणूक झाली’ असं लिहिणाऱ्याच्या हेतूचा शोध मी किती घ्यायचा?

बाकीचं.

एक टन सोन्याचा आकडा माझा नाही. हॉटेल उघडलं तेव्हाच्या बातम्यांमध्ये तो आला होता आणि मी ‘सांगतात’ असंच लिहिलं आहे. थाप म्हणायची असेल तर ज्यांनी सांगितलं त्यांना म्हणा.

साफसफाई करणाऱ्या बाईंच्या पगाराबद्दल: मी जिथे उतरते तिथल्या नोकरमाणसांना त्यांची मिळकत विचारत नाही. मला ते अपमानाचं वाटतं. तुम्ही ज्या जुन्या वस्तीतल्या घरांची शिफारस करता, तिथे सकाळी जिना पुसणाऱ्या बाईला तुम्ही विचारता का?

आणि युद्ध. खाम थिएन रस्ता त्या हॉटेलपासून फार लांब नाही. २६ डिसेंबर १९७२च्या रात्री तिथे अमेरिकेच्या बी-५२ विमानांनी बॉम्ब टाकले. ज्या घराचा मागमूस उरला नाही त्या जागी मुलाला हातांवर घेतलेल्या बाईचा पुतळा आहे. मी तिथे गेले, उदबत्ती लावली आणि त्याच संध्याकाळी त्या सोनेरी हॉटेलात परत आले. मला यात विसंगती वाटली नाही. ज्या शहराने ती रात्र पाहिली, नंतर रेशनच्या कुपनांवर दिवस काढले, १९८६च्या ‘दोइ मोइ’ या आर्थिक सुधारणांनंतर व्यापार उभा केला, त्या शहरातल्या माणसाला आता सोन्याचा टब करावासा वाटला तर करू दे की. त्यांनी आपल्या सहानुभूतीसाठी जन्मभर खरचटलेलं राहावं अशी अपेक्षा आपण का करायची? दुसऱ्याच्या गरिबीत ‘खरं दर्शन’ शोधणारा प्रवासी मला कधीच आवडला नाही. हे तुम्हांला लागलं तर लागू दे.

नाश्त्याबद्दल लिहिलं नाही कारण मी सकाळी रस्त्यावर फो, म्हणजे तिथलं नूडल्सचं सूप, खायला जात होते. त्याचं तुम्हांला कौतुक वाटायला हरकत नाही.

प्रायोजित? हॉटेल उघडलं तेव्हा रात्रीचे दर २५० डॉलरपासून सुरू होत होते. मी गेले तेव्हा जो दर होता तो मी माझ्या कार्डाने भरला. हॉटेलमधल्या कुणालाही मी लिहिते हे माहीत नव्हतं. हा प्रश्न ज्या सहजपणे तुम्ही शेवटच्या ओळीत टाकलात, तो मला सगळ्यात जास्त झोंबला. प्रतिक्रियेतलं बाकी काही मी विसरेन, हे नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणार नाही. किएउ कीच्या वर्खकामावर सविस्तर लिहायचं चाललं आहे, ते आलं की तिथेही जरूर लिहा. फक्त एक माहिती द्या. तुम्ही हनोईला कधी गेला होतात आणि कुठे उतरला होतात, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही.