नव्वद दिवस गुणिले चार तास

गेले काही महिने एक मेसेज व्यायाम करणाऱ्या मुलामुलींच्या ग्रुपवर फिरतोय. माझ्याकडे तो तीनदा आला. तिसऱ्यांदा पाठवला तो माझ्या भाच्यानं, आणि खाली त्याची स्वतःची एक ओळ होती : "मावशी, राजीनामा देऊन टाकू का?" भाचा बावीस वर्षांचा, चाकणला नोकरी, दीड वर्षापासून संध्याकाळी किकबॉक्सिंगच्या क्लासला जातो. २०२४ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या जानेवारीअखेरपर्यंत मी बारा आठवडे थायलंडमध्ये, चियांग माईला, मुए थाई (हातापायांबरोबर कोपर आणि गुडघेही वापरायचं थाई बॉक्सिंग) शिकायला राहिले होते. त्यामुळे त्याला दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळं होणं मला पटेना.

मेसेज थोडक्यात असा : "इथल्या क्लासवर पैसे घालवू नका. तीन महिने थायलंडला जा. रोज चार तास गुणिले नव्वद दिवस म्हणजे ३६० तास, इथल्या दोन वर्षांहून जास्त. महिन्याला तीस हजारांत राहणं, खाणं, ट्रेनिंग सगळं होतं. व्हिसाची कटकट नाही. तिथे नडगी बाटलीनं घासून दगडासारखी करतात. दीड महिन्यात फाइट मिळते. परत याल ते फायटर होऊनच. मुलींनी मात्र या फंदात पडू नये."

सुरुवात त्या गुणाकारापासून करते, कारण बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

रविवारी जिम बंद असते. नव्वदातले तेरा दिवस तिथेच गेले. उरलेल्या दिवसांत सकाळी एक सत्र आणि दुपारी एक, प्रत्येकी दोन तासांचं, इथवर मेसेज बरोबर आहे. पण त्या दोन तासांत काय असतं? आधी चार-पाच किलोमीटर धावणं. मग दोरीवरच्या उड्या, नेहमीपेक्षा जाड आणि जड दोरी, वीस मिनिटं. मग आरशासमोर हवेत हातपाय चालवणं, मग टांगलेल्या जड बॅगवर मारा, आणि शेवटी पोटाचे व्यायाम. यांच्यामध्ये ख्रू स्वतः हातांना पॅड, म्हणजे मारा झेलायच्या जाड गाद्या, बांधून तुमच्यासमोर उभे राहतात तो वेळ असतो तीन-तीन मिनिटांच्या पाच फेऱ्यांचा, म्हणजे पंधरा मिनिटं. (ख्रू म्हणजे आपला 'गुरू'च, संस्कृतातून तिकडे गेलेला शब्द.) दोन्ही सत्रांना गेलात तर दिवसाचा अर्धा तास, आठवड्याचे तीन तास, बारा आठवड्यांचे छत्तीस. ३६० मधले ३६.

तेवढेही मला मिळाले नाहीत. पहिल्या आठवड्यात दोन्ही तळव्यांची कातडी सोलून निघाली. दुसऱ्या आठवड्यात गुडघ्याखाली एक पुळी आली, दोन दिवसांत ती लिंबाएवढी झाली, आणि डॉक्टरांनी प्रतिजैविकं देऊन सहा दिवस मॅटवर पाय ठेवायचा नाही असं सांगितलं. घाम, सामायिक ग्लोव्ह्ज आणि उघड्या जखमा एकत्र आल्या की असले संसर्ग होतातच. तिसऱ्या आठवड्यापासून मी दिवसातून एकच सत्र केलं. माझ्याबरोबर आलेल्या आणि दोन्ही सत्रं हट्टानं करणाऱ्या तिघांपैकी दोघं महिनाभरात घोटा किंवा बरगडी धरून बसले होते. याचं कारण साधं आहे. दम तीन-चार आठवड्यांत वाढतो, कंडरा आणि हाडांना त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. छाती म्हणते चल आणि घोटा अजून तयार नसतो. या फरकाला गुणाकारात जागाच नाही.

आता मला खरं जे सांगायचंय ते. मी गेले तेव्हा पुण्यात दोन वर्षं शिकलेली होते आणि माझी उजवी राउंड किक, म्हणजे बाजूनं फिरवून मारायची लाथ, चांगली आहे असं मला वाटत होतं. तिसऱ्या दिवशी ख्रूंनी ती थांबवली. ते चाळिशीतले, बुरीराम प्रांतातले. नऊ वर्षांचे असताना त्यांनी पहिली लढत खेळली होती. त्यांनी खडूनं जमिनीवर एक रेघ मारली, माझा डावा पाय तिच्यावर ठेवला आणि खुणेनं सांगितलं : किक मारायचीच नाही, फक्त चवड्यावर फिरायचं, टाच समोर पॅडकडे वळेपर्यंत. नऊ दिवस मी तेवढंच केलं. बाजूला लोक धडाधड बॅग मारताहेत आणि मी खडूच्या रेघेवर फिरतेय. मी घाई केली की ते म्हणायचे, "चा चा", म्हणजे हळू हळू. खांदे ताठले की "सबाय सबाय", सैल सोड. दहाव्या दिवशी त्यांनी पॅड वर धरला. किक लागली आणि आवाजच बदलला. आधी 'ठप्प' यायचा, आता 'फट्ट' आला, ओला टॉवेल दगडावर आपटावा तसा. ख्रू "ओएऽऽ" म्हणून ओरडले आणि शेजारच्या रिंगमधून कुणीतरी तसंच ओरडून उत्तर दिलं.

मेसेज म्हणतो वेग मिळतो. मला नेमकं उलट मिळालं. इथे क्लास तासाभराचा, बॅचमध्ये वीस जण, सरांना सगळ्यांकडे बघायचं असतं, म्हणून रोज काहीतरी नवं दाखवलं जातं. तिकडे एका टाचेवर नऊ दिवस घालवायची सवड होती, कारण मला संध्याकाळी कुठे पोचायचं नव्हतं. महिनोन्महिने परदेशी राहायचं ते या सवडीसाठी. दोन वर्षांचं शिक्षण तीन महिन्यांत कोंबायला गेलात तर ती सवडच हातची जाते.

नडगीचं बोलते. बाटली, लाटणं, केळीचं खोड हे सगळं व्हिडिओत छान दिसतं. मी होते त्या जिममध्ये बाटलीनं नडगी घासणारा एकही थाई माणूस मी पाहिला नाही. एका नव्या मुलानं ते सुरू केलं तेव्हा ख्रूंनी बाटली उचलून बाहेर नेऊन ठेवली. हाडावर पुन्हापुन्हा झेपेल इतका भार आला की हाड दाट होतं, आणि तो भार जड बॅगवर आणि पॅडवर हजारो किक मारून येतो. त्याला वर्षं लागतात. बाटलीनं फक्त हाडावरचं नाजूक आवरण दुखावतं, सूज येते, आणि मग आठवडाभर किकच मारता येत नाही. लढत संपल्यावर किंवा सरावाआधी थाई लोक नडगीला चोळतात ते पिवळं तेल, नाम मान मुए. वास आपल्या दुखण्यावरच्या मलमांसारखाच, फक्त दसपट उग्र. माझ्या बॅगेच्या एका कप्प्याला तो अजून येतो.

पैशांचा हिशेब माझा मी देते. ट्रेनिंग महिन्याला ९,००० बाट, खोली ६,०००, जेवणखाण दिवसाला अडीचशे धरून ७,५००. साडेबावीस हजार बाट, आणि तेव्हा एक बाट अडीच रुपयांच्या घरात होता. म्हणजे विमानाचं तिकीट, विमा, औषधं, ग्लोव्ह्ज सोडून छप्पन हजार रुपये. फुकेतच्या चालोंग भागात, जिथे एकाच गल्लीत जिमची रांग आहे, तिथे याहून जास्त लागतात. शाकाहारी असाल तर 'जे' (म्हणजे शाकाहारी) हा एक शब्द पाठ करून जा, नाहीतर पालेभाजीतसुद्धा माशाचा सॉस असतो. आणि तिकीट स्वस्त मिळतं म्हणून मार्चमध्ये चियांग माई गाठू नका. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि डोंगर पेटलेले असतात, खोऱ्यात धूर साठतो, आणि त्या हवेत धावणं म्हणजे छातीवर अत्याचार.

व्हिसा : २०२४ च्या जुलैत थायलंडनं भारतीयांना साठ दिवस व्हिसाशिवाय राहायची मुभा दिली, आणि मी त्यात इमिग्रेशन कचेरीत १,९०० बाट भरून तीस दिवस वाढवून घेतले. हा नियम कायमचा नाही, तो याआधीही बदललेला आहे. निघण्यापूर्वी वकिलातीकडून खात्री करून घ्या. मुए थाई शिकण्यासाठीही चालणारा डीटीव्ही नावाचा पाच वर्षांचा व्हिसा २०२४ मध्येच सुरू झाला, पण त्यासाठी खात्यात पाच लाख बाट दाखवावे लागतात. मेसेजच्या एका लांबट आवृत्तीत "मुदत संपली की सीमेवर जाऊन शिक्का मारून या" असंही लिहिलंय. कृपा करून असं करू नका. वारंवार असं करणाऱ्याला अधिकारी सीमेवरूनच परत पाठवू शकतो, आणि मुदतीपलीकडे राहिलात तर दिवसाला ५०० बाट दंड.

"दीड महिन्यात फाइट मिळते." हे खरं आहे, आणि या मेसेजमधलं सर्वांत धोक्याचं वाक्य हेच आहे. पर्यटकांसाठीच्या छोट्या स्टेडियममध्ये रोज रात्री लढती लावायच्या असतात, परदेशी नाव असलं की तिकिटं खपतात. त्यामुळे फाइट मिळते. समोर कोण आहे हे मात्र कित्येकदा त्याच संध्याकाळी कळतं. तुमची पहिली लढत, त्याची कदाचित शंभरावी. डोक्याला हेल्मेट नाही, कोपराला बंदी नाही. तीन मिनिटांच्या पाच फेऱ्या, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती. जाणकार थाई खेळाडू पहिल्या दोन फेऱ्या नुसतं जोखतात आणि तिसऱ्या-चौथ्यात लढत ठरवतात; नवखा परदेशी पहिल्या फेरीतच सगळा दम उधळून टाकतो.

मी स्वतः पाहिलेली एक लढत सांगते. पाच आठवडे शिकलेला एक मुलगा, विशीतला, अंगानं दणकट. दुसऱ्या फेरीत क्लिंचमधून, म्हणजे एकमेकांची मान धरून झगडायच्या पकडीतून, सुटताना त्याला कोपर लागलं. डावी भुवई फाटली, आणि तो अंगातला शर्ट शोधावा तसा हातानं छाती चाचपडत राहिला. कुठे आहोत हे त्याला काही सेकंद समजलंच नाही. आठ टाके. त्याच्या प्रवास विम्यात लढतीच्या खेळातली इजा धरलेली नव्हती, बहुतेक साध्या विम्यांत ती नसतेच, त्यामुळे दवाखान्याचा सगळा खर्च त्यानं खिशातून भरला. टाके भरून येतात. डोक्याला बसलेल्या हादऱ्याचं तसं नसतं, म्हणून मला या वाक्याचा राग येतो. ते लिहिणारा त्या रात्री कोपऱ्यात पाण्याची बादली घेऊन उभा नसतो.

जिममध्ये मात्र याच्या अगदी उलट असतं. थाई मुलं आपसात स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, करतात ते मांजरीच्या पिल्लांसारखं. लाथ लागते, पण टेकल्यासारखी. ज्याला लागली तो हसून मान डोलावतो. ज्यांना दर दोन-तीन आठवड्यांनी लढून घरी पैसे पाठवायचे असतात, त्यांना सरावात एकमेकांना मोडणं परवडत नाही. जोर लावतात ते आपण बाहेरून गेलेले, आणि ख्रू लगेच "जाय येन येन" म्हणून डोकं थंड करायला लावतात. आपल्या तालमीत वस्ताद नव्या पोराच्या दंडाला धरून "दमानं घे" म्हणतात, त्याचंच हे थाई रूप. कुस्ती किंवा जुदो केलेल्या कुणालाही क्लिंच लवकर उमगतं. मान कुठे, कोपरं कुठे, समोरच्याचा तोल कधी एका पायावर येतो हे शरीराला आधीच ठाऊक असतं. त्यामुळे इथे शिकलेलं वाया जातं, असं सुचवणारी मेसेजची पहिली ओळही चूक आहे.

राहता राहिल्या मुली. बँकॉकच्या लुम्पिनी स्टेडियममध्ये, जे १९५६ पासून आहे, बायकांना कित्येक दशकं रिंगला हात लावायचीही बंदी होती. बायकांची पहिली लढत तिथे २०२१ च्या नोव्हेंबरात झाली. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका २०१६ मध्ये चढल्या हे ज्यांना आठवतं, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. आजही अनेक रिंगमध्ये पुरुष वरच्या दोरीवरून आत जातो आणि बाईनं सर्वांत खालच्या दोरीखालून जायचं असतं. मला ते आवडलं नाही, अजूनही आवडत नाही. पण चियांग माईत मी पाहिलेल्या पहिल्या लढतीत लाल कोपऱ्यातली मुलगी त्या दोरीखालून सरकत आत गेली, उठून उभी राहिली, डोक्यावरचा मोंगकोन (लढतीआधी डोक्याला घालायचं कडं; शब्द आपला 'मंगल'च) सरळ केला, आणि सनईसारख्या वाद्याच्या सुरावर गुरुवंदनेचा संथ नाच सुरू केला. चारही कोपऱ्यांना नमस्कार करून होईपर्यंत स्टेडियम शांत होतं. मग पाच फेऱ्या तिनं गुडघ्यांनी समोरचीला दोरीला टेकवून ठेवलं. माझ्या जिममध्ये सकाळच्या सत्राला निम्म्या बायका होत्या. एकटीनं राहताना मला त्रास झाला तो डासांचा आणि धुलाईयंत्राच्या सुट्ट्या नाण्यांचा. मुलींनी जावं. जिम निवडण्याआधी तिथे शिकून आलेल्या एखाद्या बाईशी फोनवर बोलावं, एवढंच.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो जरा हिरमुसला. मग त्यानं विचारलं, "मग सहा आठवडे पुरतील?" मी म्हटलं, पुरतील, एका टाचेपुरते नक्की. आता त्यानं डिसेंबरची बिनपगारी रजा मागितली आहे, राजीनामा नाही. विम्याचे कागद माझ्याकडे तपासायला पाठवलेत. आणि बहीण सांगते, रोज सकाळी कामावर जायच्या आधी तो गच्चीवर खडूनं रेघ मारून तिच्यावर फिरत असतो.