फझ पहिला लावला, तो चुकून नाही

नमस्कार सर. तुमचा अभिप्राय वाचला, एकच तारा दिलात तेही पाहिलं. गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडल्सचा तुमचा बोर्ड गुरुवारी जोडून देतो म्हणालो आणि शनिवारी दिला. रविवारी कार्यक्रमाच्या आधी तुमचे दोन फोन येऊन गेले, तेही उचलले नाहीत. चूक माझी, माफ करा. गणपतीच्या तोंडावर मंडळांचे मिक्सर दुरुस्तीला येऊन पडतात आणि दुकानात मी एकटा. तरी शब्द दिला होता तो पाळायला हवा होता.

पण "ट्यूनर सगळ्यात आधी असतो हे शाळकरी पोरालाही कळतं, या माणसाला पेडल्सचा क्रमच माहीत नाही" हे वाक्य मात्र लागलं. सोळा वर्षं सोल्डरचा धूर खातोय हो मी.

तुमचा फझ, म्हणजे आवाज फाडून खरबरीत करणारं पेडल, जुन्या धाटणीचा आहे, जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा. १९६६ साली इंग्लंडमध्ये जो गोल फझ फेस निघाला त्याच्या पठडीतला. याचा इनपुट इम्पिडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा, फार कमी असतो. त्याला गिटारचं पिकअप (तारांची कंपनं पकडणारा भाग) थेट समोर लागतं, मध्ये कुणी आलेलं खपत नाही. थेट जोडला की गिटारवरचा व्हॉल्यूम जरा उतरवायचा, तोच फझ जवळजवळ स्वच्छ वाजायला लागतो. दुकानात स्टुलावर बसून हे तुम्ही स्वतः तीनदा करून पाहिलंत आणि "दादा, हे भारी आहे" म्हणालात. आठवतंय ना? तुमच्या ट्यूनरमध्ये, म्हणजे सूर लावायच्या पेडलमध्ये, बफर आहे, सिग्नलला जोर देणारं छोटं सर्किट. ट्यूनर बंद असला तरी सिग्नल बफरमधूनच पुढे जातो. असा ट्यूनर फझच्या आधी आला की फझ कर्कश होतो, आणि मग गिटारचा नॉब कितीही फिरवा, ती गंमत येत नाही. म्हणून फझ एक नंबर, ट्यूनर दोन. सूर लावताना फझ बंद करायचा, एवढंच. ट्यूनर ट्रू बायपास असता, म्हणजे बंद असताना सिग्नल बफरशिवाय सरळ पुढे सोडणारा, तर मीच तो पुढे लावला असता.

आता फोटोबद्दल. तुम्हीच जोडलाय म्हणून बोलतो, नाहीतर बोललो नसतो. प्रत्येक पेडलच्या कडेला मी पांढरी टेप लावून मार्करने आकडा घालतो. तुमच्या फोटोत गिटारच्या बाजूने, म्हणजे उजवीकडून, आकडे दिसतात ते असे: २, १, ४, ६, ५, ३. मोठा करून बघा. शनिवारी माझ्या टेबलावरून बोर्ड गेला तेव्हा ते सरळ एक ते सहा होते.

तुम्ही लिहिलंय की गाण्याच्या मधल्या शांत जागेत नुसती खरखर येत होती आणि डिलेचा, म्हणजे पडसाद देणाऱ्या पेडलचा, चिखल झाला. होणारच. तीन नंबर म्हणजे कॉम्प्रेसर. मोठा आवाज दाबायचा आणि बारीक आवाज वर आणायचा हेच त्याचं काम. तो ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाडणारं पेडल) आणि डिलेच्याही मागे, अगदी शेवटी नेलात, तर हात थांबला की तो ओव्हरड्राइव्हची खरखर वर उचलणार आणि विरत जाणारे डिलेचे पडसाद पुन्हा पुढे आणणार. पेडल बिघडलेलं नाही. ते सांगितलेलं काम करतंय, चुकीच्या जागी बसून.

क्रम म्हणजे दगडावरची रेघ आहे असं मी म्हणत नाही. फेझर, म्हणजे आवाज घुमवणारं पेडल, बरेच जण डिस्टॉर्शनच्या (आवाज फाटण्याच्या) नंतर लावतात; पण गिटारवादक एडी व्हॅन हेलनचा अॅम्पच्या डिस्टॉर्शनच्या आधीच असायचा, आणि त्या आवाजामागे सगळं जग लागलं. तुम्हीही ऐकून हवं ते बदला, बोर्ड तुमचा आहे. पण बदलल्यावर ते माझ्या नावावर टाकू नका, एवढीच विनंती.

"नुसतं जोडायचे १,२०० रुपये" असंही लिहिलंत. पाच पॅच केबल मापाने कापून, हाताने सोल्डर करून दिल्या, त्यांचा माल त्यातच आला. यावर जास्त बोलत नाही.

माझं गिऱ्हाईक तोंडी ओळखीतून आणि अशा अभिप्रायांतून येतं. परवा एका मुलाच्या आईने फोन केला आणि आधी हेच विचारलं, "तुम्हाला क्रम येतो ना?" काय सांगणार त्यांना.

तुमचंही एक बरोबर आहे. हे सगळं मी बोर्ड देताना घाईघाईत तोंडी सांगितलं आणि दुकानात चार माणसं उभी होती. पुढे बोर्डासोबत क्रमाचा कागद द्यायचा विचार आहे, फोनचंही काहीतरी बघतो.

विसर्जन झालं की बोर्ड घेऊन या, परत लावून देतो, पैसे घेणार नाही. तुमच्या अॅम्पला इफेक्ट्स लूप, म्हणजे पेडल्स अॅम्पच्या मधल्या टप्प्यात जोडायची सोय, असेल तर कोरस (आवाज जाड करणारं पेडल) आणि डिले त्यातही लावून ऐकू. आणि येईपर्यंत फझच्या इनपुटमधली जॅक काढून ठेवत जा, ती आत राहिली की बॅटरी उतरते. फक्त येताना टेपा काढू नका.