मोर्चातलं लेकरू आणि पहिली कमेंट

दर वेळी तेच होतं. कुठल्यातरी शांत मोर्चावर पाण्याचा मारा होतो, अश्रुधुराची नळकांडी फुटतात, दुसऱ्या दिवशी डोळे चोळत रडणाऱ्या एखाद्या लेकराचा फोटो फिरायला लागतो आणि त्याखालची पहिली कमेंट ठरलेली असते: “आई-बाप आहेत की कोण? पोराला तिथे न्यायचंच कशाला?” नळकांडं कोणी फोडलं, फोडताना समोर मुलं दिसत नव्हती का, हे विचारणारा एखादाच. तोही फार खाली.

मला हा क्रमच उलटा वाटतो. मुलांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९८९चा आहे. त्याच्या १५व्या कलमात मुलांनाही शांततेने एकत्र जमण्याचा हक्क दिलाय. म्हणजे शांत मोर्चात मूल असणं हा काही आगाऊपणा नाही, ती गृहीत धरायची गोष्ट आहे. बंदोबस्त आखणाऱ्याने ती धरली नसेल, तर आधी जाब त्याला विचारायला हवा.

आता म्हणाल, तत्त्व ठीक आहे, पण लाठी तत्त्व बघून चालत नाही. मान्य. उलट मी म्हणेन, मुलांच्या बाबतीत धोका आपण समजतो त्याहून जास्त आहे. अश्रुधूर हवेपेक्षा जड, तो खाली बसतो, आणि मुलांची नाकं खालीच असतात. त्यांचा श्वास भरभर चालतो, श्वासनलिका अरुंद. मोठ्या माणसाला ठसका लागतो तेवढ्यात मूल घुसमटतं. रबरी गोळीचं तर आणखी वाईट. ती झाडायची वेळ आलीच तर नेम ओटीपोटावर किंवा पायांवर धरावा, असं संयुक्त राष्ट्रांची २०२०ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, तेही फक्त हिंसा करणाऱ्या माणसावर. मोठ्यांचं पोट जिथे असतं, तिथे लहानाचं डोकं असतं. “कमी घातक” म्हणवणारी ही शस्त्रं कोणाच्या मापाने कमी घातक ठरवली, ते यातून कळतं.

मग न्यायचंच नाही का? इथे मला नेहमी अमेरिकेतलं बर्मिंगहॅम आठवतं. मे १९६३. वर्णभेदाविरुद्धचं आंदोलन थंडावत चाललेलं, कारण मोठी माणसं तुरुंगात गेली की नोकरी जायची. तेव्हा जेम्स बेव्हेल या कार्यकर्त्याने शाळकरी मुलांना रस्त्यावर उतरवायचं ठरवलं. मार्टिन ल्यूथर किंगही आधी कचरत होते. २ मेला हजाराच्या आसपास मुलं चर्चमधून रांगेने, गाणी म्हणत बाहेर पडली. शेकडोंना अटक झाली. दुसऱ्या दिवशी बंब आणले, कुत्री सोडली. ऑड्री हेंड्रिक्स ही नऊ वर्षांची मुलगी आठवडाभर कोठडीत होती. जायचं तिनेच आई-वडिलांना सांगितलं होतं आणि त्यांनी जाऊ दिलं. टीका तेव्हाही झाली. अमेरिकी सरकारचे अॅटर्नी जनरल (कायदा खात्याचे प्रमुख) रॉबर्ट केनेडींपासून जहाल कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्सपर्यंत, एरवी एकमेकांशी कशातच न पटणाऱ्या माणसांनी केली. पण काही दिवसांत शहराला तडजोड करावी लागली.

एवढं सांगून थांबलं की गोष्ट फार गोड होते. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला त्याच चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्ब ठेवला आणि चार मुली गेल्या. त्या दिवशी त्या कुठल्या मोर्चात नव्हत्या, रविवारच्या प्रार्थनेसाठी आल्या होत्या. ज्यांच्या अंगावर अन्याय रोजच चालून येतो, त्यांना “मुलांना सुरक्षित घरी ठेवा” हा सल्ला देणं मला म्हणूनच जड जातं. तो सल्ला देणाऱ्याचं घर बहुतेक वेळा आधीच सुरक्षित असतं.

तरीही आई-बापांना मी मोकळं सोडणार नाही. आयोजकांना तर नाहीच. “पोलीस मुलांवर हात उचलणार नाहीत” म्हणून बायका-पोरांना पहिल्या रांगेत उभं करणारे असतात, त्यांची मला चीड आहे. ते लेकरांची ढाल करतात. ऑड्री स्वतः सांगून गेली होती. कडेवरचं बाळ काही सांगून येत नाही, आणि नुसत्या फोटोसाठी त्याला गर्दीत आणायची गरज मला दिसत नाही. सांभाळायला दुसरं कोणीच नाही, ही अडचण वेगळी. तिथे बोट दाखवायला मी जाणार नाही.

लंडनचं एक प्रकरण पोलिसांनीही वाचावं. नोव्हेंबर २०१०मध्ये फीवाढीविरुद्धच्या मोर्चातल्या शाळकरी मुलांना पोलिसांनी थंडीत कित्येक तास वेढून ठेवलं. काही मुलं कोर्टात गेली आणि हरली. वेढा कायदेशीर ठरला. पण २०११च्या त्याच निकालात कोर्टाने हेही स्पष्ट केलं की, बंदोबस्त आखताना मुलांच्या हिताचा विचार करणं पोलिसांवर कायद्यानेच बंधनकारक आहे. मला ही हार कामाची वाटते.

इनबॉक्समध्ये “मग तू काय करशील?” असं विचारणाऱ्यांसाठी. गर्दीच्या कडेने चालायचं, मध्यभागी कधीच नाही. बाहेर पडायच्या दोन वाटा आधीच बघून ठेवायच्या. मुलाच्या दंडावर पेनाने फोन नंबर लिहायचा, कारण धावपळीत मोबाइल हरवतो. बाबागाडी नको, ती पळताना अडकते. सोबत साधं पाणी, डोळे धुवायला. अंधार पडायच्या आत परत. पोलीस हेल्मेट चढवायला लागले की कारणं विचारत बसायचं नाही, निघायचं. आणि त्याच्याही आधी, मूल “चल ना घरी” म्हणालं, तर भाषण कितीही रंगात आलेलं असो, उठायचं.