ॲडलेडला झोपू द्या

आमच्या आबांनी हजार पौर्णिमा बघितल्या. आता त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं, तर सगळ्यांनी एकदा व्हिडिओ कॉलवर बसून तारीख, कार्यालय आणि जेवण ठरवायचं, एवढंच काम होतं. हजार चंद्र जमले. एका वेळी जागी असलेली चार घरं काही जमेनात.

ताई-दाजी अमेरिकेत फिनिक्सला, मावसभाऊ लंडनला, पुतणी ॲडलेडला आणि उरलेले आम्ही कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. वेळ काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी बँकेत आहे. (बँकेत आकडेमोड कॉम्प्युटर करतो, हे घरी कधी बोललेलो नाही.)

रविवारी सकाळी साडेसात म्हणालो. ॲडलेडला दुपार, ताईकडं शनिवारची संध्याकाळ, पण लंडनला रात्रीचे दोन. आईला वेगळंच खुपलं. "तिच्याकडं अजून शनिवारच? मग तिचा उपास सुटायचाय की!"

बरं, एकदा तक्ता केला की सुटलो, असंही नाही. लंडनवाले मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढं सारतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं घेतात. ॲडलेड पृथ्वीच्या खालच्या अंगाला, म्हणून त्यांचं उलटं: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढं, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागं. म्हणजे एकट्या ऑक्टोबरात माझा तक्ता दोनदा बाद. बहुतेक अमेरिकाही असंच मागंपुढं करते, पण ताईच्या ॲरिझोना राज्यानं १९६८ पासून ही भानगड बंद ठेवलीय. आधीच भाजून निघालेल्या माणसांना संध्याकाळी आणखी तासभर ऊन कशाला? मला ॲरिझोनाबद्दल नितांत आदर आहे.

आबा मात्र निवांत. त्यांनी मनगटावरचं एचएमटी काढलं, उलटं धरलं आणि म्हणाले, "लंडनला तीन वाजलेत." आमच्याकडं रात्रीचे साडेआठ होते. आपल्यात नि त्यांच्यात हिवाळ्यात साडेपाच तासांचं अंतर, त्यामुळं घड्याळ उलटं केलं की लंडन सापडतं. तासकाटा थोडा तिरका पडतो, पण इंग्रजांसाठी तेवढं चालतं. उन्हाळ्यात ही युक्ती तासाभरानं चुकते, हे सांगून मी त्यांचा आनंद घालवला नाही.

काकांनी मुळावरच घाव घातला. "एवढं काय लावलंयस लगा? सगळ्यांनी कोल्हापूरची वेळ धरायची. विषय संपला!" हसू नका. चीन एवढा आडवा पसरलाय, पण सरकारी वेळ देशभर एकच, बीजिंगची. आणि मुंबईनं भारताची प्रमाणवेळ १९०६ मध्ये ठरल्यानंतरही स्वतःची एकोणचाळीस मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. मग कोल्हापूरनं काय घोडं मारलंय?

इथं मी ज्ञान पाजळलं. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाची. कोल्हापूर चौऱ्याहत्तराच्या जरा पुढं. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर आपला सूर्य घड्याळाच्या जवळपास तेहतीस मिनिटं मागं चालतो. काकांचे डोळे चमकले. आयुष्यभर प्रत्येक लग्नाला, बारशाला, मयताला अर्धा तास उशिरा पोचलेल्या माणसाला पहिल्यांदाच शास्त्राचा आधार मिळाला होता. "अंबाबाईच्या किरणोत्सवाला सूर्य काय मिर्झापूरला विचारून येतो व्हय?" यावर उत्तर नव्हतं.

शेवटी नोव्हेंबरातला एक रविवार धरला. रात्री साडेआठ: लंडनला तीन, फिनिक्सला सकाळचे आठ, ॲडलेडला मध्यरात्रीनंतरचे दीड. पुतणी म्हणाली, "जागते मी, पण वेळेत सुरू करा."

काका सूर्याप्रमाणे आले, नऊला. तोवर दाजींनी दोनदा चहा घेतला होता आणि पुतणीच्या खिडकीत फक्त छताचा पंखा दिसत होता. पूजेची तारीख ठरली, कार्यालय ठरलं. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचा विषय निघाला. घरात शाकाहारी एकटी पुतणीच. मटण, तांबडा, पांढरा एकमतानं मंजूर झाला.