दोन मीटरच्या हेजबद्दल फिरणारा तो मेसेज चुकीचा आहे

मार्चपासून इंग्लंडमधल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो चार ठिकाणांहून आला, त्यातला एक तर थेट पुण्याहून, मावशीकडून. मजकूर थोडक्यात असा: शेजाऱ्याची हेज, म्हणजे झाडाझुडपांचं कुंपण, २ मीटरपेक्षा उंच असेल तर ती बेकायदेशीर आहे. काउन्सिलला (इथल्या नगरपालिकेला) फोन करा, ते फुकट येऊन कापून जातात. तोवर तुमच्या बाजूला आलेलं सगळं छाटा आणि पलीकडे फेका, तो तुमचा हक्क आहे. २० वर्षं उजेड मिळत असेल तर बागेतलं ऊनसुद्धा कायद्याने तुमचं. आणि शेजाऱ्याशी तोंडी काही बोलू नका, केस कमजोर होते.

पाच दावे आहेत आणि त्यातला एकही जसाच्या तसा खरा नाही. मी वकील नाही. पण आमच्या बागेच्या टोकाला लेलँडी नावाच्या झपाट्याने वाढणाऱ्या सदाहरित झाडांची ५ मीटर उंच रांग होती आणि तिच्यापायी मी हा विषय दोन वर्षं वाचून काढलाय. गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एकाने, ज्याने नुकतंच पहिलं घर घेतलंय, मला विचारलं, “दादा, मेसेज वाचला. शनिवारी कात्री घेऊन सुरू करू ना?” एप्रिल महिना होता. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

आधी ते २ मीटर कुठून आले ते पाहू. इथे लाकडी फेन्स किंवा भिंत २ मीटरपेक्षा उंच बांधायची तर प्लॅनिंग परमिशन लागते, रस्त्याला लागून असेल तर १ मीटरच्या वरच लागते. हा नियम बांधकामाचा आहे. झुडपांच्या कुंपणाला तो लागू नाही. हेज किती उंच असावी यावर इंग्लंडमध्ये सरसकट मर्यादाच नाही. माणसाने स्वतःच्या जागेत ६ मीटरची हेज वाढवली तर तेवढ्याने तो कुठलाही कायदा मोडत नाही.

दुसरं मूळ आहे २००३ च्या अँटी-सोशल बिहेवियर अ‍ॅक्टचा आठवा भाग, म्हणजे उंच हेजच्या तक्रारींचा कायदा, जो इंग्लंडमध्ये जून २००५ पासून लागू झाला. त्यात २ मीटरचा आकडा आहे खरा, पण तो उंबरठा म्हणून. तेवढी उंची ओलांडली तर काउन्सिल तुमचं ऐकायला बसू शकते, इतकंच. त्यापुढे अटी आहेत. दोन किंवा अधिक झाडांची रांग हवी, एकटं झाड चालत नाही. ती पूर्णपणे किंवा मुख्यत्वे सदाहरित किंवा अर्ध-सदाहरित हवी. लेलँडी, लॉरेल, प्रिव्हेट यात बसतात. बीच हिवाळाभर वाळकी पानं धरून ठेवतं म्हणून लोकांना तेही बसेल असं वाटतं, पण ते सदाहरित नाही, त्यामुळे बसत नाही. रांगेने उजेड किंवा वाट अडायला हवी. आणि शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची: तिच्या उंचीमुळे तुमच्या घराचा-बागेचा वाजवी उपभोग बिघडतोय हे दिसलं पाहिजे. “मला ती बघवत नाही” एवढ्यावर भागत नाही. समोरच्याला खाजगीपणा हवा असतो, आणि काउन्सिल त्याचाही विचार करते.

आता “एक फोन करा, फुकट कापून जातात”. हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं, कारण यावर विसंबून कुणीतरी शेजाऱ्याला काउन्सिलची धमकी देणार आणि नंतर तोंडघशी पडणार. तक्रार लेखी, ठरलेल्या फॉर्मवर असते आणि तिला फी असते. इंग्लंडमध्ये फी प्रत्येक काउन्सिल आपापली ठरवते, वरची मर्यादा नाही, आणि कित्येक ठिकाणी ती काही शे पौंड आहे. निकाल तुमच्या बाजूने लागला तरी ती शेजाऱ्याकडून वसूल होत नाही. अधिकारी दोन्ही बाजूंचं म्हणणं मागवतात, जागा पाहतात, मोजमाप घेतात. यात महिने जातात. निकालावर दोघांनाही २८ दिवसांत अपील करता येतं.

आणि निकाल म्हणजे तरी काय? काउन्सिल हेज २ मीटरच्या खाली आणायला सांगू शकत नाही आणि मुळासकट काढायलाही सांगू शकत नाही. एवढं छाटा की झाडं मरतील, असंही सांगायचं नाही, कारण तो काढून टाकण्याचाच प्रकार झाला. बहुतेक जण २ मीटर मिळणारच असं धरून चालतात, तेही तसं नाही. उजेडाचा हिशोब करायला एक ठरलेली पद्धत आहे. हेज बागेच्या दक्षिणेला असेल तर चालणारी उंची म्हणजे बागेची खोली (हेजपासून बागेच्या दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर) गुणिले ०.२५. आमची बाग १२ मीटर खोल, म्हणजे हिशोब आला ३ मीटर. फी भरून, वाट पाहून, शेजाऱ्याशी कायमचं बिघडवून आमच्या पदरात साधारण ३ मीटर पडले असते. हेज उत्तरेला असेल तर ती सावलीच कमी पाडते, म्हणून तिथे गुणक बराच मोठा आहे आणि हेज आणखी उंच ठेवलेली चालते.

नोटीस निघाल्यावर मालकाने पाळली नाही तर तो गुन्हा आहे, १००० पौंडांपर्यंत दंड होतो, आणि काउन्सिल आत शिरून काम करून खर्च मालकाकडून घेऊ शकते. “कापून जातात” ही अफवा बहुधा इथूनच आलीय. पण ती सगळ्यात शेवटची पायरी आहे आणि ती चढायचीच असं काउन्सिलवर बंधन नाही.

तिसरा दावा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक. तुमच्या हद्दीत आलेल्या फांद्या तुम्ही हद्दीपर्यंत छाटू शकता. हे १८९०च्या दशकात वरिष्ठ न्यायालयांनी लेमन विरुद्ध वेब या खटल्यात ठरवून टाकलंय. पण हद्दीपर्यंतच. शेंडा शेजाऱ्याचा, त्याला हात लावायचा नाही. शिडी त्याच्या बाजूला टेकवायची नाही. छाटलेल्या फांद्या आणि त्यांवरची फळं झाडाच्या मालकाची. १९१९ च्या मिल्स विरुद्ध ब्रूकर खटल्यात शेजाऱ्याच्या झाडाची आपल्याकडे आलेली सफरचंदं तोडून विकणाऱ्याला नुकसानभरपाई द्यावी लागली होती. मालकीची आहेत म्हणून गुपचूप पलीकडे फेकायच्या असा अर्थ मात्र होत नाही. तसं केलंत तर शेजारीच तुमच्याविरुद्ध तक्रार करील, आणि तिच्यात दम असेल. “हव्यात का?” असं विचारायचं. नको म्हणाले तर विल्हेवाट आपण लावायची. झाडावर संरक्षणाचा हुकूम असेल किंवा घर कॉन्झर्व्हेशन एरियात (जुनं रूप जपण्यासाठी राखलेल्या भागात) असेल तर आधी काउन्सिलकडे चौकशी करायची.

माझ्या ओळखीच्या मुलाला मी शनिवारचा बेत रद्द करायला लावला तो मात्र दुसऱ्याच कारणाने. मार्च ते ऑगस्ट हा पक्ष्यांच्या विणीचा काळ. वापरात असलेलं किंवा बांधलं जात असलेलं घरटं जाणूनबुजून मोडणं हा १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, हेज कुणाचीही असो. त्याने फोन हातात धरूनच फांद्या बाजूला करून पाहिलं. छातीएवढ्या उंचीवर ब्लॅकबर्डचं घरटं होतं, आत निळसर हिरवी, तांबूस ठिपक्यांची चार अंडी. त्या मेसेजमध्ये यावर एक अक्षर नाही.

लेलँडीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. हे झाड निसर्गात आपोआप झालेलं नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे दोन वेगळे सायप्रस वेल्समधल्या लेटन हॉलच्या बागेत शेजारी शेजारी लावले गेले आणि १८८८ मध्ये त्यांच्या बियांतून हा संकर निघाला. दोघांचा जोम एकात उतरला, म्हणून ते वर्षाला मीटरभरही वाढू शकतं. पण आतल्या जुन्या, तपकिरी लाकडातून त्याला पुन्हा पालवी फुटत नाही. आपल्याकडची मेंदी किंवा अडुळसा कितीही खरडा, पावसाळ्यात परत फुटतो, तसं हे नाही. हद्दीपर्यंत खोल छाटलंत तर हक्क बजावल्याचं समाधान मिळेल, पण पुढची कित्येक वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाळक्या काटक्यांची भिंत बघत बसावं लागेल.

उजेडाचा दावा लवकर संपतो. १८३२ च्या कायद्यातला २० वर्षांचा नियम इमारतीच्या खिडक्यांतून येणाऱ्या उजेडाचा आहे. बागेतल्या उन्हाला तो लागू नाही. हाच मेसेज काही ग्रुपांवर “मुळांसाठीही हेजच्या कायद्याखाली तक्रार करा” अशी शेपटी लावून फिरतोय. हेजच्या २००३ च्या कायद्यात मुळांचे परिणाम स्पष्टपणे वगळलेत. पायाला तडे जात असतील तर तो वेगळा विषय आहे, विमा कंपनीशी बोला.

आता शेवटचा दावा, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. “शेजाऱ्याशी बोलू नका.”

कायदा नेमकं उलट सांगतो. तक्रारदाराने वाद मिटवण्यासाठी शक्य ते सगळे वाजवी प्रयत्न केले नसतील, तर त्या कारणावरून काउन्सिल तक्रार पुढे न नेण्याचा निर्णय घेऊ शकते. फॉर्ममध्येच विचारतात: कधी बोललात, काय उत्तर आलं, मध्यस्थी सुचवलीत का. म्हणजे न बोलल्याने केस मजबूत होत नाही, उलट उभीच न राहण्याची वेळ येऊ शकते. शिवाय घर विकताना मालमत्तेच्या माहितीचा जो फॉर्म भरावा लागतो त्यात शेजाऱ्यांशी झालेले वाद आणि तक्रारी विचारतात. आज काउन्सिलकडे गेलात तर उद्या गिऱ्हाइकाला ते सांगावं लागतं.

आमचंच सांगतो. लंडनच्या आसपास डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. ५ मीटर हेजची सावली तेव्हा १८-१९ मीटर लांब पडते. आमची सगळी बाग ओलांडून ती घराच्या मागच्या भिंतीवर माणसाच्या उंचीएवढी चढायची. नोव्हेंबर ते जानेवारी स्वयंपाकघरात दिवसा दिवा लागायचा, फरशीवर शेवाळ यायचं. मी वैतागून मागच्या घरच्यांना पत्र टाकलं, कायद्याचं कलम घालून. एका ओळीचं उत्तर आलं: हेज आमच्या जागेत आहे. मग आठ महिने एकमेकांकडे बघणंही बंद.

शेवटी बायको म्हणाली, “त्यांना एकदा आपल्याकडे बोलावून दाखव तरी.” जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी बारा वाजता दोघं आले. मी भिंतीवर सावलीची रेघ दाखवली. बाईंनी बघून घेतलं आणि म्हणाल्या, “आता तुम्ही आमच्याकडे चला.” त्यांच्या मागच्या पायरीवर उभं राहून वर पाहिलं तर हेजच्या डोक्यावरून आमच्या लॉफ्टची (छपराखालच्या माळ्याची) नवी खिडकी सरळ त्यांच्या जेवणाच्या टेबलाकडे रोखलेली. ती खिडकी आम्ही काढली त्याच उन्हाळ्यापासून त्यांनी हेज छाटणं थांबवलं होतं. ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती, आणि आम्हीही कधी विचारली नव्हती.

खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला आम्ही धुरकट फिल्म लावली. त्यांनी हेज दोन हिवाळ्यांत उतरवली. पहिल्यांदा साडेतीन मीटरवर, कारण एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त उतरवलं तर लेलँडी दगावू शकते. पुढच्या वर्षी २.८ मीटरवर. पहिल्या कापणीचा खर्च निम्मा-निम्मा. हे सगळं एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. काउन्सिलच्या हिशोबाने मिळाले असते त्याहून हे २० सेंटिमीटर कमीच आहे.

सगळे शेजारी असे नसतात, हे मला माहीत आहे. दार उघडत नाहीत, शिव्या देतात. तरी मागण्याची पद्धत बदलून पाहा. नुसतं “कापा” न म्हणता किती उंची चालेल, कधी कापायची आणि खर्चात तुमचा वाटा किती, हे ठरवून जा. प्रत्येक भेटीची तारीख वहीत लिहा. त्यानंतर मध्यस्थी सुचवा, ती सेवा बऱ्याच शहरांत आहे. तरीही नाहीच जमलं तर काउन्सिल, आणि तेव्हा तीच वही तुमचा पुरावा.

वेल्समध्ये कायदा हाच, फक्त फीवर ३२० पौंडांची मर्यादा. स्कॉटलंडचा कायदा २०१३ चा आणि वेगळा, तिथे पानगळीची झाडंही धरतात. उत्तर आयर्लंडचा २०११ चा. आणि मावशीला मी कळवलंय की पुण्यात यातलं काहीही लागू नाही. तिथे १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडलं तर तोडणाराच अडकतो, मग ते कुणाच्याही अंगणातलं असो.

आमच्याकडे छाटणी आता फेब्रुवारीत होते, पक्षी यायच्या आत. तारीख ते कळवतात, गाडीभर फांद्या टाकून यायला मी जातो. डिसेंबरात बागेत अजूनही सावली असतेच, पण ती घराच्या अलीकडे दीड मीटरवर थांबते, आणि काचेच्या दाराआड ठेवलेल्या तुळशीवर दुपारी थोडा वेळ ऊन येतं.